धक्के सोसणाऱ्याची गवसणी

कॅनडा देशाच्या उत्तरेस नुनावुत नावाचा एक विस्तीर्ण मुलूख आहे. १९९९ साली त्यास स्वतंत्र प्रदेशाचा दर्जा मिळाला. तेथे मुख्यत्वे इनुइट लोकांची वस्ती असून त्यांची बहुतेक गावे समुद्रकिनाऱ्यावर दूरदूर विखुरलेली आहेत. या गावांना उर्वरित कॅनडाशी जोडणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात जहाजे येतात, हवामान अनुकूल असेल तेव्हा विमाने ये-जा करतात. परंतु दीर्घ हिवाळ्यात समुद्रच गोठून त्याची जणू भूमी होते. अशा वेळी शिकारीस जावयाचे असो की शेजारच्या वस्तीवरील आप्तांची भेट घ्यावयाची असो, माणसाचे मुख्य साधन म्हणजे बर्फावरून धावणारी यांत्रिक गाडी. तिला ‘स्नोमोबाईल’ असे म्हणतात. आपण या लेखापुरते तिला बर्फगाडी म्हणू. तिच्या मागे ‘कामुतीक’ नावाची लाकडी घसरगाडी बांधावयाची, तीवर तंबू, इंधन व शिधा लादावयाचा आणि प्रवासास निघावयाचे, असा तेथील परिपाठ आहे. उणे तीस अंश तपमानात, वस्तीपासून पन्नास-साठ किलोमीटरांवर ही गाडी नादुरुस्त झाली, तर काय प्रसंग ओढवेल याची कल्पना करणे कठीण नाही.

अशा एखाद्या गाडीच्या पुढल्या भागाकडे लक्षपूर्वक पाहिले, तर पुष्कळदा एक चमत्कारिक वस्तू दृष्टीस पडते. डाव्या व उजव्या बाजूस, इंजिनाच्या आवरणाखालून तिरप्या निघालेल्या दोन दांड्यांवर कापडाची किंवा मऊ रबराची एकेक खोळ चढविलेली असते. पाहणाऱ्यास वाटावे की ही शोभेची वस्तू आहे, किंवा थंडी वाजू नये म्हणून यंत्रालाही कोणी हातमोजे घातले आहेत! वस्तुतः त्या खोळीचे प्रयोजन शोभेचेही नाही आणि उबेचेही नाही. ती आत दडलेल्या एका गुळगुळीत पोलादी दांडीचे धुळीपासून, खड्यांपासून व बर्फाच्या धारदार कपच्यांपासून रक्षण करते. ती दांडी शाबूत राहिली तर गाडी शाबूत राहते. ही गोष्ट कशी घडते, ते समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

विद्यार्थिमित्रहो, जेथे बर्फाचा एक कणही कधी पडत नाही अशा मुलखात राहणाऱ्या आपण ही माहिती कशासाठी मिळवावी, असा प्रश्न तुमच्या मनात उद्भवेल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस आपोआपच मिळेल. आरंभी गाडीचाच परिचय करून घेऊ.

बर्फगाडीस चाके नसतात. पुढे दोन घसरपट्ट्या असतात. त्यांना ‘स्की’ म्हणतात. हँडल वळविले की त्या वळतात. मागे रबराचा एक रुंद, दातेरी व अखंड पट्टा असतो. इंजिन तो फिरविते आणि तो बर्फाला मागे ढकलून गाडीस पुढे नेतो. या प्रकारच्या वाहनाच्या इतिहासात जोसेफ-आर्मां बॉम्बार्दिए हे नाव प्रामुख्याने येते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हालकूर या गावी १९०७ साली जन्मलेला हा गृहस्थ यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करी. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही व तो दगावला. बर्फावरून चालणारे वाहन बनविण्याचे प्रयोग बॉम्बार्दिए लहानपणापासूनच करीत होता. या घटनेनंतर तो त्या कामास अधिकच निर्धाराने लागला. १९३७ साली त्याला दातेरी चाक व पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्याच्या पहिल्या गाड्या मोठ्या, अनेक प्रवासी नेणाऱ्या होत्या. एक-दोन माणसांची हलकी गाडी त्याने १९५९ साली बाजारात आणली. पुढे १९६८ च्या एप्रिल महिन्यात राल्फ प्लेस्टेड हा अमेरिकन गृहस्थ आपल्या सोबत्यांसह अशाच गाड्यांवरून उत्तर ध्रुवावर जाऊन पोहोचला, आणि अमेरिकन वायुदलाच्या विमानाने वरून त्यांच्या स्थानाची खातरजमा केली.

या आरंभीच्या हलक्या गाड्या संथ चालत, आणि त्यांच्या घसरपट्ट्या साध्या पोलादी पात्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेल्या असत. जसजसा वेग वाढला, तसतसे धक्केही वाढले. दुरून मऊ गालिचासारखे दिसणारे बर्फ जवळून तसे नसते. वाऱ्याने त्यावर कठीण लाटा उमटतात. गाड्यांच्या वारंवार येण्याजाण्याने वाटेवर ओळीने खळगे पडतात. समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठावर बर्फाच्या शिळा एकमेकींवर चढून बसलेल्या असतात. म्हणून पुढे दोन्ही घसरपट्ट्यांना स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी रचना आली व प्रत्येकीस स्वतःचा धक्काशोषक मिळाला. गॅरेजात याच वस्तूस ‘शॉक ॲब्सॉर्बर’ किंवा थोडक्यात ‘शॉकअप’ म्हणतात. मागच्या पट्ट्याच्या आतही सामान्यतः असे दोन शॉकअप असतात.

शॉकअपच्या बाहेरून वेटोळ्यांची जाड स्प्रिंग दिसते, म्हणून धक्का शोषण्याचे काम ती स्प्रिंगच करते, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. स्प्रिंग धक्का झेलते. परंतु झेललेला धक्का ती पचवीत नाही, साठवून ठेवते आणि दुसऱ्याच क्षणी परत करते. नुसत्या स्प्रिंगवर बसविलेली गाडी खळग्यातून गेली की, चेंडूसारखी पुनःपुन्हा उसळत राहील. ती उसळी शमविण्याचे काम स्प्रिंगच्या आत दडलेल्या नळकांड्याचे आहे. या नळकांड्यात तेल भरलेले असते. त्यात एक दट्ट्या वरखाली सरकतो व त्या दट्ट्याला एक लांब, चकचकीत दांडी जोडलेली असून ती नळकांड्याच्या तोंडातून बाहेर येते. दट्ट्याला बारीक छिद्रे व पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. दट्ट्या हलला म्हणजे तेलाला या छिद्रांतून वाट काढावी लागते. हळू ढकलले तर ते निमूटपणे जाते. वेगाने ढकलले तर जोराने विरोध करते. सायकलचा पंप आपण हलक्या हाताने दाबला तर सहज दबतो व झटक्याने दाबला तर हाताला अडवितो, हा अनुभव तुम्हांपैकी प्रत्येकाने घेतला असेल. येथे हवेच्या जागी तेल आहे, एवढाच फरक.

या विरोधात धक्क्याच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ऊर्जा नाहीशी होत नाही, तिचे केवळ रूप पालटते, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. त्याचे हे चालतेबोलते उदाहरण होय. गाडी व तीवरील माणूस मिळून ३०० किलोग्रॅम वजन आहे, आणि ते अर्धा मीटर उंचीवरून खाली आले, असे समजा. ३०० × ९.८ × ०.५ म्हणजे १४७० ज्यूल ऊर्जा कोठेतरी मुरली पाहिजे. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाणी जेमतेम अंशाच्या एक-तृतीयांशाने तापेल. पण शॉकअपमध्ये एक लिटर द्रव नसतो; थोडेसे तेल असते, आणि तेल तापविण्यास पाण्याच्या निम्मीच उष्णता पुरते. शिवाय असा धक्का एकदा नव्हे, तर दर मैलास शेकडो वेळा लहानमोठ्या प्रमाणात बसत असतो. त्यामुळे बाहेर कडाक्याची थंडी असताही खडबडीत वाटेवर शॉकअप चांगलाच तापू शकतो.

तेल जोराने घुसळले गेले की त्यात फेस होतो, आणि फेसाळलेल्या तेलात विरोध करण्याची शक्ती उरत नाही. यावर उपाय म्हणून तेलावर वायूचा दाब ठेवण्याची युक्ती निघाली. १९५३ च्या सुमारास बुर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने एकाच नळीत तेल व दाबाखालील वायू ठेवण्याची रचना प्रचारात आणली. चांगल्या प्रतीच्या बर्फगाड्यांत तेल व वायू यांच्यामध्ये एक सुटा, तरंगता दट्ट्या असतो आणि त्यापलीकडे नायट्रोजन वायू भरलेला असतो. साधी हवा न भरता नायट्रोजन भरण्याचे कारण असे की, हा वायू कोरडा असतो. त्यात गोठण्यासारखे बाष्प नसते व तेल खराब करणारा प्राणवायूही नसतो. याचा दाब चौरस इंचास साधारणपणे १५० ते ३०० पौंड असतो. मोटारीच्या चाकात ३० पौंडांच्या आसपास दाब असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या दाबाचे मान कळेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. नळकांडे जाड धातूचे असते; त्याला सहसा काही होत नाही. स्प्रिंगही दणकट असते. या सर्व रचनेत नाजूक जागा एकच आहे. आतून दाबाखालील तेल बाहेर पडू पाहत आहे, बाहेरून घाण आत शिरू पाहत आहे आणि दांडीला तर अखंड आतबाहेर करावयाचे आहे! दार उघडे ठेवल्यावाचून दांडी हलणार नाही, आणि दार उघडे ठेवले तर तेल राहणार नाही. हा पेच एका लहानशा रबरी कड्याने सोडविला आहे. त्यास ‘ऑइल सील’ म्हणतात. त्याची पातळ कड दांडीच्या अंगास बिलगून असते. दांडी सरकते, तेल आत राहते. त्याच्या बाहेर आणखी एक पुसणारी कड असते. आत जाणाऱ्या दांडीवरील कचरा झाडून टाकणे हे तिचे काम. दांडीवर क्रोमियमचा कठीण मुलामा देऊन ती आरशासारखी गुळगुळीत केलेली असते, कारण तिच्यावर नखाला लागेल एवढाही ओरखडा असला, तरी तो प्रत्येक खेपेस सीलच्या मऊ कडेवरून करवतीच्या दात्यासारखा फिरणार.

‘पण बर्फ तर स्वच्छ असते! तेथे घाण कोठून येणार?’ असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, परंतु बर्फगाडीची वाट नेहमीच शुभ्र नसते. हिवाळ्याच्या आरंभी व अखेरीस बर्फाचा थर पातळ असतो. त्याखालील वाळू, खडे व झाडांच्या काटक्या पट्ट्याच्या दात्यांनी उचलल्या जातात. पुढे गेलेल्या गाडीचा पट्टा ही सर्व सामग्री मागून येणाऱ्याच्या तोंडावर उडवितो. मोटाररस्ता ओलांडावा लागतो, तेथे वाहने घसरू नयेत म्हणून वाळू व बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरलेले असते. गाडी दूर न्यावयाची असेल तेव्हा ती मोटारीमागील जोडगाडीवर चढवितात. त्या प्रवासात रस्त्यावरील खारट चिखलाचे शिंतोडे तासनतास तिच्या पुढील भागावर उडत राहतात. मीठ व पाणी लोखंडाचे काय करतात, हे समुद्रकाठी राहणाऱ्यांना सांगावयास नको. आमच्याकडील खिडक्यांचे गज त्याची साक्ष देतील.

यांखेरीज खुद्द बर्फही निरुपद्रवी नाही. उडालेला हिमकण तापलेल्या शॉकअपवर पडला की वितळतो, आणि गाडी विसाव्यासाठी थांबली की तेच पाणी दांडीवर गोठून बसते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते व चिरांत शिरलेले असल्यास त्या रुंदावते. गाडी पुन्हा सुरू केली की हा गोठलेला पापुद्रा दांडीबरोबर सीलच्या कडेवर जाऊन आदळतो. तशात कडाक्याच्या थंडीत रबर आपला मऊपणा गमावून ताठ होते. मऊ रबराने जो आघात हसत सोसला असता, तोच ताठ झालेल्या रबरास फाडू शकतो.

क्रोमियमचा मुलामा वाळूहून कठीण असतो, मग वाळूने त्याचे काय बिघडणार, अशी शंका रसायनशास्त्राची आवड असलेल्या विद्यार्थ्यास येईल. वाळूचा कण त्यास सहसा ओरखडू शकत नाही, हे खरे. परंतु वेगाने आलेला खडा ओरखडत नाही, तो आपटतो. त्याने मुलाम्याचा टवका उडतो, खालचे पोलाद उघडे पडते व तेथे गंजाचा खळगा तयार होतो. आणि वाळूचा कण दांडीस जिंकू शकत नसला तरी सीलच्या मऊ रबरात रुतून बसतो. मग ती कड पुसण्याऐवजी घासू लागते. रक्षणासाठी ठेवलेली वस्तूच घासकागद बनते!

यापुढील क्रम ठरलेला आहे. प्रथम दांडीवर तेलाचे पुसट कडे दिसू लागते. आतील वायूचा दाब तेलाला बाहेर लोटीतच असतो, त्यामुळे गळती वाढत जाते. तेल कमी झाले की दट्ट्याला विरोध कमी होतो, आणि अखेर उरते ती नुसती स्प्रिंग. गाडी उसळू लागते. मोठ्या खळग्यात शॉकअप पुरता दबून धातूवर धातू आपटतो. तो आघात सांगाड्याच्या जोडांपर्यंत व चालकाच्या पाठीच्या कण्यापर्यंत जातो. एकाच बाजूचा शॉकअप निकामी झाला असेल, तर दोन घसरपट्ट्या दोन तऱ्हांनी वागतात आणि वळणावर गाडी चालकाचे ऐकेनाशी होते. घराजवळ सहलीस निघालेल्यास हा फार तर खर्चाचा विषय होईल. मागे घसरगाडीवर कुटुंब व शिधा घेऊन गोठलेल्या समुद्रावर निघालेल्यास तो परतण्याचा प्रश्न होऊ शकतो.

यासाठीच ती खोळ. आपल्याकडे तंबोरा, सतार यांसारख्या वाद्यांना गवसणी घालून ठेवतात. गवसणीने धूळ बसत नाही, लाकडास ओरखडे पडत नाहीत. पण वाद्य वाजवावयाचे झाले की गवसणी काढून ठेवावी लागते. शॉकअपच्या गवसणीची गंमत अशी की, ही गवसणी घालूनच वाद्य वाजवावयाचे असते! दांडी एका मिनिटात कितीतरी वेळा आतबाहेर करीत असते व तेवढ्यातच रक्षणाची गरज असते. म्हणून ही खोळ हलणाऱ्या वस्तूस न अडविता झाकणारी असावी लागते. तिच्या बनावटीतील सर्व कौशल्य या एका अटीतून निघाले आहे.

तिचे कापड बहुधा दाट विणीचे नायलॉन किंवा निओप्रीन असते. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. नैसर्गिक रबर तेलाने फुगून खराब होते. निओप्रीन तेलापुढे पुष्कळच टिकाव धरते. खोळ एका सपाट तुकड्याच्या रूपात असते. ती शॉकअपभोवती गुंडाळून लांबीच्या बाजूने वेल्क्रोच्या पट्टीने बंद करतात. त्यामुळे ती बसविण्यासाठी शॉकअप गाडीवरून सोडवावा लागत नाही. या वेल्क्रोची कथाही मनोरंजक आहे. १९४१ साली स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल हा अभियंता कुत्र्यासह फिरावयास गेला असता, त्याच्या कपड्यांस व कुत्र्याच्या केसांस एका रानटी झाडाची काटेरी फळे चिकटली. श्रावणात आघाड्याच्या झुडपांतून गेल्यावर आपल्या कपड्यांस त्याची फळे चिकटतात, तसाच तो प्रकार. आपण ती झटकून टाकतो. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्याला सूक्ष्म आकडे दिसले, आणि त्यांवरून एका बाजूस आकडे व दुसऱ्या बाजूस धाग्यांचे फास असलेली चिकटपट्टी बनविण्याची कल्पना त्यास सुचली. १९५० च्या दशकात त्याने तिचे पेटंट घेतले.

खोळ बसविण्याची रीत सोपी असली, तरी तिला काही नियम आहेत. प्रथम शॉकअप स्वच्छ धुऊन कोरडा केला पाहिजे. दांडीवर वाळू असताना वरून खोळ चढविली, तर चोराला आत ठेवून दाराला कुलूप लावल्यासारखे होईल. दुसरे, खोळ फार घट्ट नसावी. नाहीतर स्प्रिंग दबताना तिच्या वेटोळ्यांत कापड चिमटेल. ती फार सैलही नसावी. नाहीतर फडफडेल व फाटेल. तिसरे, वेल्क्रोचा जोड मागच्या अंगास यावा, म्हणजे समोरून येणारे बर्फ त्यात शिरून तो उकलणार नाही. चौथे, खालच्या टोकाला पाणी निथळण्यास वाट असावी. पाचवे, खोळ बसविल्यावर हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून व गाडी दाबून पाहावे, आणि कापड कोठे अडकत नाही याची खात्री करून घ्यावी. मागच्या शॉकअपच्या बाबतीत तर विशेष सावध असावे. कारण तेथे फिरता पट्टा अगदी निकट असतो आणि सैल कापड त्यात ओढले जाण्याचा धोका असतो.

येथे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, खोळ हे दुधारी साधन आहे. खोळीने धूळ अडते, तशी उष्णताही काही प्रमाणात अडते. मोकळ्या शॉकअपला वारा व हिमकण थंड ठेवतात. झाकलेल्या शॉकअपला ती सोय कमी मिळते. म्हणून अतिवेगाने व खडबडीत वाटेने दीर्घकाळ जाणारे काही चालक खोळ न घालता रोज दांडी पुसणे पसंत करतात. दुसरा दोष ओलाव्याचा. आत शिरलेले पाणी खोळीमुळे लवकर वाळत नाही. खारट पाणी असेल तर आतल्या आत गंज चढतो. तिसरा दोष सर्वांत फसवा आहे. खोळ जशी घाणीस दृष्टीआड करते, तशी गळतीसही करते. दांडीवर तेलाचे कडे उमटले तरी ते कोणास दिसत नाही, आणि मालक मात्र ‘माझ्या गाडीस खोळ आहे’ या समाधानात राहतो. तेव्हा खोळ वेळोवेळी उघडावी, दांडी मऊ फडक्याने पुसावी, तेलाचा माग दिसतो का ते पाहावे, खोळ धुऊन पूर्ण वाळवावी व मगच पुन्हा घालावी. धुताना पाण्याचा जोरदार फवारा सीलवर रोखू नये; तो वाळू बाहेर काढण्याऐवजी आत घालतो. आणि गळती दिसलीच, तर वायू भरलेला शॉकअप घरी उघडण्याचे धाडस कोणी करू नये. आतील दाबामुळे सुटा भाग गोळीसारखा उडू शकतो. ते काम जाणत्या कारागिराचेच आहे.

बर्फगाड्या आपल्या देशात नाहीत असे मात्र समजू नका. काश्मीरमध्ये गुलमर्ग येथे हिवाळ्यात प्रवाशांना त्यांवरून फिरवून आणतात. सियाचीन हिमनदीवर आपले सैन्य १९८४ पासून पहारा देत आहे. तेथील जवानही बर्फावरील स्कूटरांचा उपयोग करतात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. बर्फ नसलेल्या आपल्या मुलखास या गवसणीचे काय? गोव्यात पिवळ्या मडगार्डवरून ओळखू येणारे मोटरसायकलवाले ‘पायलट’ तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस दोन चकचकीत नळ्या असतात. त्यांच्या आतही स्प्रिंग व तेल आहे. जेथे वरची नळी खालच्या नळीत शिरते, तेथे तसेच रबरी सील आहे. कॅनडात जे काम वाळू, मीठ व बर्फ करते, तेच काम येथे तांबडी माती, पावसाळ्यातील चिखल व खारा वारा करतो. काही मोटरसायकलींच्या या नळ्यांवर पेटीच्या भात्यासारखी घड्याघड्यांची रबरी खोळ असते. ती पाहून कित्येकांना वाटते की हा केवळ जुन्या वळणाचा साज आहे. बर्फगाडीच्या गवसणीची ती सख्खी बहीण होय! आणि तिचे नियमही तेच: आत माती साचू देऊ नये, ओल राहू देऊ नये, आणि खोळ आहे म्हणून पाहणे सोडू नये.

हे वाचून झाल्यावर एक लहानसा प्रयोग करा. घरी मोटरसायकल किंवा स्कूटर असेल, तर ती उभी असताना, इंजिन बंद व थंड असताना, वडीलधाऱ्यांच्या समक्ष तिच्या पुढच्या शॉकअपच्या चकचकीत भागावरून स्वच्छ पांढरे फडके एकदा फिरवा. फडक्यावर नुसती धूळ आली तर ती पुसून टाका. बोटाला बारीक खळगे लागले किंवा फडक्यावर तेलाचे काळपट कडे उमटले, तर ते वडिलांना दाखवा व गाडी कारागिराकडे नेण्यास सांगा. अवघ्या दोन मिनिटांचे हे काम आहे. परंतु त्याच गाडीवर बसून घरातील कोणीतरी रोज पहाटे भर पावसात कामावर जात असते, हे विसरू नका.